सहा चौरस किलोमीटरचं आमचं टोरंटो सेंटर

२०११ चा मे महिना. टोरंटोत येऊन आम्हाला जेमतेम नऊ महिने झालेले, सेंट जेम्स टाउनमधल्या एका टॉवरच्या सतराव्या मजल्यावर वन बेडरूमचं घर, मुलगा तीन वर्षांचा. २ तारखेला सोमवारी इथली फेडरल निवडणूक झाली, म्हणजे आपल्याकडची लोकसभाच समजा. सकाळपासून लिफ्टमध्ये लोक एकमेकांना विचारतायत, जाऊन आलात का, किती गर्दी आहे, आणि मी मुलाला डेकेअरला सोडायला निघालेली, गप्प उभी. आम्ही पीआर म्हणजे कायमचे रहिवासी, सिटिझन नाही, त्यामुळे मत नाही. मला ते खूप लागलं. लालबागला आमच्या चाळीत मतदानाचा दिवस म्हणजे सणच असायचा, बाबा सकाळी अंघोळ करून इस्त्रीचा शर्ट घालून निघायचे, येताना शाई लावलेलं बोट वर करून दाखवायचे आणि मगच चहा घ्यायचे. त्या बाबांची मुलगी मी, आणि माझ्या बिल्डिंगखाली मतदान चाललंय आणि माझा काही संबंध नाही.

आठ दिवसांनी, १० मेला जनगणना होती. फॉर्म ऑनलाइन भरता येत होता पण आमच्याकडे तेव्हा नेट धड नव्हतं म्हणून कागदाचा मागवून घेतला. रात्री जेवणं झाल्यावर स्वयंपाकघरातल्या छोट्या टेबलावर मी आणि नवरा तो भरायला बसलो. दहा प्रश्न होते. त्यातला एक असा की लहानपणी घरात सगळ्यात आधी कुठली भाषा शिकलात आणि ती अजून समजते का. इंग्लिश, फ्रेंच असे दोन पर्याय आणि खाली एक मोकळी जागा. मी त्या जागेत मराठी लिहिलं. माझ्यासाठी एकदा, नवऱ्यासाठी एकदा, मुलासाठी एकदा. तेव्हा एवढंच वाटलं की चला, कुठेतरी नोंद झाली.

त्या नोंदीचा मतदारसंघाशी काय संबंध हे मला पुढे तीन-चार वर्षांनी कळलं, आणि तेव्हापासून मी आमच्या या टोरंटो सेंटर मतदारसंघाच्या मागेच लागलेय, जिथे मिळेल तिथे वाचते, चालते, लोकांना विचारते. आज ते सगळं एकदाचं लिहून काढायचं ठरवलंय.

आधी शब्दाचंच घ्या. इथे मतदारसंघाला कागदोपत्री इलेक्टोरल डिस्ट्रिक्ट म्हणतात पण बोलताना सगळे रायडिंग म्हणतात. मला पहिल्यांदा वाटलं घोड्यावरून रपेट मारत मतं मागायचे म्हणून असेल. तसं नाही, तो जुन्या नॉर्स भाषेतला शब्द आहे, अर्थ तिसरा हिस्सा. इंग्लंडात यॉर्कशायरचे असे तीन हिस्से होते, तिथून तो इकडे आला आणि कॅनडात राहिला.

तर आमचं हे रायडिंग २०१२ च्या फेररचनेनंतर क्षेत्रफळाने अख्ख्या कॅनडात सगळ्यात लहान झालं. सहा चौरस किलोमीटरच्या जरा आतच. मुंबईकरांसाठी सांगायचं तर धारावीच्या साधारण अडीच पट. आणि याच देशात नुनावुत नावाचं एक रायडिंग आहे, उत्तर ध्रुवाच्या बाजूला, ते २० लाख चौरस किलोमीटरच्या आसपास, त्याचाही खासदार एकच. आमचं तुम्ही अर्ध्या तासात पायी आडवं पार कराल. पश्चिमेकडे यंग स्ट्रीटच्या बाजूचा डाउनटाउन, मग चर्च, जार्विस, शेरबोर्न, पार्लमेंट अशा उभ्या रस्त्यांची ओळ, आणि पूर्वेला डॉन नदी. नदी म्हणजे फार मोठी नाही, आपल्याकडे ओढाच म्हणतील, पण दरी खोल आहे आणि तीच हद्द. मी कढीपत्ता, पोहे, गूळ आणायला ५०६ नंबरची स्ट्रीटकार म्हणजे ट्राम पकडून जेरार्ड स्ट्रीटच्या इंडिया बझारला जायचे तेव्हा ती डॉन ओलांडली की आपण रायडिंगच्या बाहेर पडलो, हे आता प्रत्येक वेळी डोक्यात येतं.

पार्लमेंट स्ट्रीट हे नाव बघून मी नवऱ्याला विचारलं होतं की पार्लमेंट तर ऑटवाला आहे, इथे कुठलं? तर या रस्त्याच्या पार खालच्या टोकाला, जुन्या किनाऱ्याजवळ, अप्पर कॅनडाच्या विधिमंडळाची पहिली इमारत होती. १८१३ च्या एप्रिलमध्ये अमेरिकन सैन्याने यॉर्क घेतलं (टोरंटोचं तेव्हाचं नाव यॉर्क) आणि ती जाळून टाकली. इमारत गेली, रस्त्याचं नाव राहिलं. आज त्याच रस्त्यावर फिलिपिनो दुकानं, डॉलर स्टोअर, कॉफी शॉप, आणि एका कोपऱ्यावर मी पंधरा वर्षं ज्याच्याकडून केस कापून घेते तो न्हावी.

मतदारसंघ म्हणून टोरंटो सेंटर पहिल्यांदा आलं ते १८७२ ला. कॅनडा १८६७ चा, म्हणजे देश पाच वर्षांचा होता. पहिले निवडून आले रॉबर्ट विल्क्स, लिबरल पक्षाचे. आणि हे वाचून मी थबकले की ते मतदान गुप्त नव्हतंच! गुप्त मतदानाचा कायदा १८७४ चा. त्याआधी माणूस सगळ्यांसमोर उभा राहून मोठ्याने सांगायचा माझं मत अमक्याला, आणि समोर त्याचा मालक, घरमालक, सावकार कोणीही उभा असायचा. त्यात मत होतं कोणाला, तर मालमत्तावाल्या पुरुषांना. बायकांना फेडरल निवडणुकीत मत मिळालं १९१८ ला.

पुढे १९२५ ला हे नाव नकाशावरून गेलं, तुकडे झाले. १९३५ च्या निवडणुकीला याच भागातून नवं रायडिंग झालं, त्याचं नाव रोझडेल. १९९७ पासून टोरंटो सेंटर-रोझडेल. २००४ पासून परत नुसतं टोरंटो सेंटर. म्हणजे जमीन तीच, पाटी बदलत गेली.

रोझडेल म्हणजे काय हे टोरंटोच्या बाहेरच्यांना सांगायला हवं. आमच्या सतराव्या मजल्याच्या खिडकीतून उत्तरेला बघितलं की खाली ब्लूर स्ट्रीट, त्याच्या पलीकडे दरी, आणि दरीपलीकडे नुसती झाडं. उन्हाळ्यात तर घर एक दिसायचं नाही, हिरवागार गालिचा. ऑक्टोबरच्या शेवटी पानं गळली की मग त्या झाडांखालून विटांचे बंगले दिसायला लागायचे, धुराड्यांसकट. शहरातल्या जुन्या श्रीमंत वस्त्यांपैकी एक. शेरबोर्न सबवे स्टेशनच्या बाजूला ग्लेन रोडवरून ब्लूरच्या खालून जाणारा एक पादचारी बोगदा आहे, त्यातून बाहेर पडलात की दरीवरचा पूल, आणि पूल संपला की रोझडेल. मी मुलाला स्ट्रोलरमध्ये घालून रविवारी जायचे. पुलाच्या अलीकडे वॉशिंग मशीनसाठी क्वार्टर म्हणजे पंचवीस सेंटची नाणी जमवणारे आम्ही, लॉन्ड्रीला रांग, लिफ्ट बंद, आणि दहा मिनिटांत पलीकडे इतकी शांतता की स्ट्रोलरच्या चाकाचा आवाज मोठा वाटायचा. आणि हे दोन्ही मिळून एक मतदारसंघ होता! तिथल्या बंगल्यातला माणूस आणि माझ्या शेजारची जाफनाहून आलेली तमिळ आंटी एकाच माणसाला खासदार म्हणून निवडत होते किंवा पाडत होते.

या जागेवरून कोण कोण गेलं ते बघा. १९६२ पासून १९७८ पर्यंत डोनाल्ड मॅकडोनाल्ड, लिबरल, मधे अर्थमंत्री होते, आणि पुढे अमेरिकेशी मुक्त व्यापार करा असं सांगणारा जो रॉयल कमिशनचा, म्हणजे सरकारने नेमलेल्या आयोगाचा, अहवाल आला ते कमिशन यांचंच. त्यांच्याविरुद्ध हॅल जॅकमन तीन वेळा लढले आणि तिन्ही वेळा हरले, त्यांचे वडील हॅरी जॅकमन १९४० च्या दशकात इथले खासदार होते. मग १९७८ च्या पोटनिवडणुकीत डेव्हिड क्रॉम्बी, जे त्याआधी शहराचे महापौर, डाउनटाउनमध्ये धडाधड टॉवर उठत होते त्याला ज्यांनी लगाम घातला ते. १९८८ ला डेव्हिड मॅकडोनाल्ड आले, फक्त ८० मतांनी. ८० मतं म्हणजे आमच्या टॉवरचे दोन-तीन मजले. हरलेले बिल ग्रॅहम, त्यांनी जिद्द सोडली नाही, १९९३ ला निवडून आले आणि पुढे परराष्ट्रमंत्री, संरक्षणमंत्री झाले. आणि ते डेव्हिड मॅकडोनाल्ड १९८८ ला कॉन्झर्व्हेटिव्हकडून जिंकलेले, १९९७ ला याच जागेवर एनडीपीकडून (न्यू डेमोक्रॅटिक पार्टी) उभे राहिले, म्हणजे एकदम उजवीकडून डावीकडे. १८७५ ला इथे एक जॉन मॅकडोनाल्डही निवडून आले होते, तेव्हा तीन मॅकडोनाल्ड झाले, तिघांचा एकमेकांशी संबंध नाही.

ग्रॅहमनंतर २००८ ला बॉब रे, जे त्याआधी ऑन्टारियोचे प्रीमियर म्हणजे मुख्यमंत्री होते. २०११ च्या त्या सोमवारी लिफ्टमधले लोक ज्या निवडणुकीला जाऊन येत होते त्यात बॉब रे निवडून आले.

एवढे मोठमोठे मंत्री या जागेवरून गेले पण मला खरा इतिहास वाटतो तो खालच्या गल्ल्यांचा. मंत्र्यांची यादी कुठेही मिळते.

कॅबेजटाउन. नाव कोबीवरून. १८४० च्या दशकात आयर्लंडमध्ये बटाट्याचा दुष्काळ पडला, उपाशी माणसं बोटीने इकडे आली, डॉनच्या या काठाला लहान लहान घरं बांधून राहिली आणि पुढच्या अंगणात फुलं लावायच्या ऐवजी कोबी लावला. बाकी शहर हसायचं त्यांना. शंभर वर्षांनी याच मूळ कॅबेजटाउनची घरं झोपडपट्टी ठरली, १९४७ च्या १ जानेवारीला शहरात त्यावर मतदान घेतलं गेलं, लोकांनी हो म्हटलं, आणि पुढच्या वर्षापासून गल्ल्याच्या गल्ल्या पाडून तिथे रीजंट पार्क बांधायला घेतलं, कॅनडातला पहिला मोठा सरकारी गृहप्रकल्प. ६९ एकर. हेतू चांगला होता, मी नाही म्हणत नाही, ज्यांच्याकडे धड बाथरूम नव्हतं त्यांना गरम पाणी मिळालं. पण आतले रस्ते बंद करून टाकले, गाड्या आत नकोत, हिरवळीत इमारती, अशी तेव्हाची फॅशन. झालं काय, तर आजूबाजूच्या शहराला त्या जागेत शिरायचं कारणच उरलं नाही. दुकान नाही, येणंजाणं नाही, रात्री सामसूम. तीस-चाळीस वर्षांत रीजंट पार्क म्हटलं की लोक पत्त्यावरूनच माणसाला जोखायला लागले. आमच्याकडे बीआयटी चाळींच्या नाहीतर ट्रान्झिट कॅम्पच्या पत्त्यावरून पोरांच्या नोकऱ्या अडायच्या ना, तसंच.

आणि कॅबेजटाउन हे नाव? ते उत्तरेला सरकलं. जुनं पाडल्यावर वरच्या बाजूची डॉन व्हेल नावाची वस्ती वाचली, तिथली व्हिक्टोरियन घरं लोकांनी दुरुस्त केली, आणि हळूहळू तिलाच कॅबेजटाउन म्हणायला लागले. आज ती घरं लाखो डॉलरना जातात. ज्यांच्या कोबीवरून नाव पडलं त्यांच्या गल्ल्या रीजंट पार्कखाली आहेत.

रीजंट पार्कच्या अगदी खाली, क्वीन स्ट्रीटच्या बाजूला ट्रेफन कोर्ट म्हणून छोटासा भाग आहे. १९६० च्या दशकात शहराने तिथेही हेच करायचं ठरवलं, पाडा आणि नवीन बांधा. तिथली माणसं उठून उभी राहिली. साधी कामगार माणसं, काही घरमालक, बरेचसे भाडेकरू, एकमेकांत भांडत, पण बैठका घेत, नकाशे मागवत. त्यांच्याबरोबर जॉन सूअल नावाचा तरुण वकील होता, जो पुढे १९७८ ला महापौर झाला. बुलडोझर थांबला. तिथल्या जुन्या घरांसमोरून जाताना मी अजूनही पाय हळू करते. गिरणगावात आमच्याकडे असं कोणी वेळेवर उठून उभं राहिलं असतं तर, हा विचार येतोच.

सेंट जेम्स टाउनची गोष्ट त्याच वेळची. इथेही जुनी घरं होती, ती पाडून १९६० च्या दशकात १९ टॉवर उभे केले, आणि ते बांधले होते कोणासाठी, तर डाउनटाउनच्या ऑफिसांत काम करणाऱ्या तरुण, एकट्या, पगारदार लोकांसाठी! म्हणून घरं लहान. टॉवरना कॅनडातल्या शहरांची नावं दिली, व्हँकुव्हर, हॅलिफॅक्स, विनिपेग वगैरे. ते तरुण लोक थोड्या वर्षांत निघून गेले आणि जगभरातून आलेली कुटुंबं त्या लहान घरांत शिरली, एका माणसासाठी बांधलेल्या घरात पाच माणसं. आमच्या मजल्यावर टागालोग, तमिळ, नेपाळी, अम्हारिक आणि आम्ही मराठी. संध्याकाळी कॉरिडॉरमधून चालत गेलात की दर दाराला वेगळी फोडणी. तमिळ आंटी पहिल्या थंडीत माझ्या दारात येऊन म्हणाली, या चपला टाक, बूट घे, पण नवीन घेऊ नकोस, अमक्या चर्चमध्ये शनिवारी मिळतात. मी तिला मे महिन्यात कैरीचं लोणचं दिलं, मेक्सिकन कैरीचं, तिने खाऊन बघितलं आणि सांगितलं मीठ कमी आहे. बरोबर होतं तिचं.

२०१८ च्या ऑगस्टमध्ये पार्लमेंट स्ट्रीटवरच्या एका टॉवरला आग लागली आणि सुमारे दीड हजार लोकांना अंगावरच्या कपड्यांनिशी बाहेर पडावं लागलं. परत यायला दीड वर्ष गेलं. २०१९ च्या ऑक्टोबरमध्ये फेडरल निवडणूक आली तेव्हा ही माणसं दुसरीकडेच राहत होती. मतदारसंघ म्हणजे पत्ता, आणि पत्ताच गेला की माणसाचं काय होतं ते तेव्हा जवळून बघितलं.

आणि चर्च-वेलस्ली, जिथे इंद्रधनुषी झेंडे आहेत तो भाग. ५ फेब्रुवारी १९८१ च्या रात्री पोलिसांनी शहरातल्या चार बाथहाऊसवर, म्हणजे समलिंगी पुरुष जिथे जमायचे त्या जागांवर, एकदम धाडी घातल्या, २८० च्या वर पुरुषांना पकडलं. कित्येकांच्या नोकऱ्या, घरं गेली. दुसऱ्या रात्री हजारो लोक यंग आणि वेलस्लीच्या चौकात जमले, भर फेब्रुवारीत, आणि त्या रागातून पुढे इथली प्राइड मिरवणूक उभी राहिली. पोलीस प्रमुखांनी माफी मागितली ती २०१६ ला. माझ्या मुलाने मला विचारलं होतं की हे सगळं आपल्याच एरियात झालं? बरंचसं आपल्याच एरियात झालं बाळा. याच सहा चौरस किलोमीटरमध्ये.

आता त्या जनगणनेच्या फॉर्मकडे येते.

कॅनडात दर दहा वर्षांनी जनगणना झाली की मतदारसंघांच्या हद्दी नव्याने आखतात. हे काम १९६४ च्या कायद्यापासून खासदारांच्या हातात नाही. दर प्रांताला एक तीन जणांचं स्वतंत्र कमिशन, अध्यक्ष न्यायाधीश, लोकांच्या सुनावण्या, कोणीही जाऊन बोलू शकतं. प्रांताची लोकसंख्या भागिले जागा म्हणजे कोटा, त्याच्या २५ टक्के खालीवर चालतं. २०११ ची ऑन्टारियोची लोकसंख्या आणि १२१ जागा, म्हणजे कोटा १,०६,२१३. आमचं जुनं टोरंटो सेंटर त्याच्या बरंच वर गेलेलं, सव्वा लाखाच्या पुढे. कापायला तर हवंच होतं.

आणि ही लोकसंख्या म्हणजे मतदार नव्हेत! सगळी माणसं. पीआर, विद्यार्थी, निर्वासित, कामाच्या परमिटवर आलेला, काल जन्मलेलं बाळ, सगळे. म्हणजे २ मेला ज्यांना मत नव्हतं त्या आम्हा तिघांना १० मेला मोजलं, आणि त्या आकड्यावरून देशाच्या संसदेतली एक रेघ ठरली. हे मला एका कम्युनिटी सेंटरमधल्या सिटिझनशिपच्या क्लासमध्ये कळलं, शिकवणाऱ्या बाईंनी सहज सांगितलं आणि पुढे गेल्या, माझं मात्र पुढचं अर्धा तास लक्ष नव्हतं. आपण या देशात पाहुणे आहोत असं मी मनाशी धरून चालले होते. आणि इथल्या हिशोबात मी पहिल्या वर्षापासून होते.

मग रेघ कुठून गेली? दरीतून. रोझडेल पलीकडच्या नव्या युनिव्हर्सिटी-रोझडेल रायडिंगमध्ये गेलं, विद्यापीठ आणि त्याच्या शेजारच्या ॲनेक्स या वस्तीबरोबर. अलीकडे सेंट जेम्स टाउन, कॅबेजटाउन, रीजंट पार्क, मॉस पार्क, चर्च-वेलस्ली हे टोरंटो सेंटर म्हणून राहिलं. ८० वर्षं दरीच्या दोन बाजू एकत्र होत्या, त्या सुटल्या.

त्याच्या जरा आधी, २०१३ च्या नोव्हेंबरमध्ये, जुन्या हद्दीतली शेवटची पोटनिवडणूक झाली. लिबरलकडून क्रिस्टिया फ्रीलंड, एनडीपीकडून लिंडा मॅक्वेग, दोघी पत्रकार, आणि दोघींनी लिहिलेलं होतं श्रीमंत-गरिबांतल्या वाढत्या अंतरावर. रोझडेल आणि रीजंट पार्क एकाच मतपत्रिकेवर असलेल्या रायडिंगमध्ये त्याहून योग्य वाद कुठला? फ्रीलंड जिंकल्या. १८७२ पासूनची यादी मी बोट लावून वाचलीय, त्यांच्याआधी एकही बाई नाही. २०१५ ला नव्या हद्दी लागू झाल्यावर त्या युनिव्हर्सिटी-रोझडेलला गेल्या.

रेघ दरीतून गेली ते बरं झालं की वाईट, यावर आमच्याकडे दोन्ही बाजूचे लोक आहेत. काहींचं म्हणणं, आता तरी भाडेकरूंचे प्रश्न, लिफ्ट, ढेकूण, शेल्टर हे खासदाराच्या टेबलावर पहिले येतील, पूर्वी बंगलेवाल्यांचे फोन आधी घेतले जायचे. मला ते पटतं आणि तरीही मला एकत्रच हवं होतं. कारण मी उलटं होताना बघितलंय. २००८ ची फेररचना मुंबईत झाली तेव्हा आमचं लालबाग-परळ दक्षिण मध्य मुंबईतून काढून दक्षिण मुंबईत घातलं, म्हणजे लालबाग आणि मलबार हिल एका लोकसभेत. बाबा तेव्हा वैतागले होते, म्हणायचे आपला खासदार आता पेडर रोडला विचारून आपल्याकडे येणार. पण २००९ च्या प्रचारात ज्या गाड्या आमच्या चाळीच्या बोळात कधी वळल्या नव्हत्या त्या वळल्या. मतं लागत होती ना. एका माणसाला दोन्हीकडे हात जोडावे लागतात यात ताकद आहे. ग्लेन रोडचा तो पूल मी जितक्या वेळा ओलांडला तितक्या वेळा मला वाटलं की दोन बाजूंना बांधणारं काहीतरी कागदावर असायला हवं, आणि होतं, आणि ते गेलं.

आम्ही शपथ घेतली २०१५ च्या वसंतात. भारताचा पासपोर्ट जमा करताना माझे हात थरथरले, ते मी लपवत नाही. लालबागचं मत गेलं कायमचं. त्याच वर्षी १९ ऑक्टोबरला माझं इथलं पहिलं मत. जवळच्या शाळेची जिम, बास्केटबॉलच्या रेघांवर मांडलेली टेबलं. मशीन नाही, बटण नाही. टेबलामागच्या माणसाने कार्ड आणि आयडी बघून यादीत माझ्या नावावर पट्टी ठेवून रेघ मारली, मतपत्रिकेच्या मागे स्वतःची सही केली, ती घडी कशी घालायची ते दाखवलं. पुठ्ठ्याचा आडोसा, त्यामागे एक छोटी पेन्सिल. काळ्या कागदात पांढरे गोल. त्यात फुली मारायची. मी फुली इतकी जोरात मारली की पेन्सिलचं टोक मोडलं. घडी परत दिली, त्याने सही तपासली, कडेची नंबरची पट्टी फाडून घेतली आणि कागद माझ्याच हातात दिला, तुम्हीच टाका म्हणाला. पेटी पुठ्ठ्याचीच. बोटाला शाई नाही. बाहेर येऊन बाबांना व्हिडिओ कॉल केला, तिथे मध्यरात्र झालेली, तरी जागे होते. म्हणाले, बोट दाखव. मी नुसतंच बोट दाखवलं. बघितलं आणि म्हणाले, झालं ना, मग झालं.

त्या वेळी बिल मॉर्नो निवडून आले, थेट अर्थमंत्री झाले, २०२० ला वादात राजीनामा दिला. पोटनिवडणुकीत मार्सी इएन आल्या, टीव्ही पत्रकार, आणि त्यांच्यासमोर ग्रीन पार्टीच्या नेत्या ॲनामी पॉल होत्या, पहिल्या दोन्ही जागी कृष्णवर्णीय बायका, तेही या रायडिंगमध्ये पहिल्यांदाच. २८ एप्रिल २०२५ ला इव्हन सोलोमन, तेही पत्रकारच. दरम्यान २०२१ च्या जनगणनेवरून हद्दी परत आखल्या, कोटा आता १,१६,५९०, देशात ३४३ जागा, आणि अख्ख्या टोरंटोची एक जागा कमी झाली, २५ च्या २४, कारण शहराबाहेरची उपनगरं जास्त वेगाने वाढली. आपली मराठी मंडळी त्याच आकड्यात आहेत, ब्रॅम्प्टन, मिसिसागा, मिल्टनला घरं घेऊन गेलेली. गणपतीत भेटले की एक काका दर वर्षी विचारतात, अगं अजून तिथेच राहता? हो काका, तिथेच. फक्त आता रीजंट पार्कच्या नव्या इमारतींपैकी एका इमारतीत. २००५ पासून जुनं पाडून परत बांधतायत, सरकारी भाड्याची घरं आणि विकत घेतलेली घरं शेजारी शेजारी, आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे बंद केलेले रस्ते पुन्हा उघडले. २०१२ ला झालेल्या स्विमिंग पूलमध्ये माझा मुलगा पोहायला शिकला, मोठ्या काचांतून बाहेरचं बर्फ दिसायचं आणि आत पोरं उघडी.

तो मुलगा या फेब्रुवारीत अठराचा झाला. इथे चौदा वर्षांपासूनच भावी मतदारांच्या नोंदवहीत नाव घालता येतं, त्याने ते गेल्या वर्षी स्वतःहून घातलं, मला नंतर सांगितलं. २०२५ ला तो माझ्याबरोबर मतदान केंद्रापर्यंत आला होता, बाहेर रेलिंगला टेकून उभा राहिला. पुढच्या निवडणुकीला मतदार माहिती कार्डं येतील तेव्हा आमच्या टपालाच्या खोक्यात तीन असतील.